अल्युमिनियमची होडी रंगवायची तर

सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात पेंटरचं काम करायचं म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली, दुकानाचं शटर, देवळाचं ग्रिल आणि मधूनच एखादी होडी, असं सगळंच रंगवावं लागतं. बहुतेक माल लोखंडाचा. त्यामुळे हात लोखंडाला सरावतो आणि गिऱ्हाइकाचा हिशेबही लोखंडाचाच असतो. येलदरीच्या खाली, पूर्णा नदीवर १९६८ साली झालेल्या या धरणात रोहू-कटला धरणाऱ्या एका मामांनी जुनी अल्युमिनियमची होडी विकत घेतली आणि माझ्याकडे आणली. म्हणाले, "पेंटर, रेड ऑक्साइडचा एक हात मारा, वरून निळा ऑइलपेंट. उद्या संध्याकाळी नेतो."

आधीच्या मालकानं नेमकं हेच केलं होतं. नख लावून ओढलं की तळव्याएवढा पोपडा निघत होता आणि खाली पत्रा चकचकीत. म्हणजे रंग झिजला नव्हता, त्यानं पत्रा धरलाच नव्हता.

लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, तो फुगतो आणि आत आत खात जातो. अल्युमिनियमचं तसं नाही. पत्रा उघडा पडला की क्षणात त्यावर ऑक्साइडची कातडी धरते. मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाहूनही पातळ, पण कठीण आणि घट्ट. आपला तपकिरी पॉलिश पेपर असतो ना, त्यावरचे दाणे याच अल्युमिनियम ऑक्साइडचे. ही कातडी पत्र्याचं रक्षण करते. मात्र पत्रा गुळगुळीत असतो, त्यावर ओल आणि तेलकटपणा बसलेला असतो, आणि साध्या रंगाला तिथं धरायला काही सापडत नाही.

म्हणून माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो साफसफाईत. सुटलेला रंग आधी खरवडून काढायचा. कॉस्टिकचं रंग काढायचं औषध वापरायचं नाही. कॉस्टिक अल्युमिनियमलाच खातं. धुण्याच्या सोड्यानं पातेलं काळं पडतं, हे घरोघरी माहीत आहे. मग थिनरच्या चिंधीनं तेल आणि माशाचा ओशटपणा पुसायचा. हे घासण्याच्या आधीच व्हायला हवं, नाहीतर घासताना तेच तेल ओरखड्यांत भरलं जातं. चिंधी दर वेळी बदलायची, नुसती उलटून चालत नाही.

त्यानंतर ८० ते १२० नंबरचा पेपर. लोखंडी ब्रश किंवा लोखंडी काथ्या मी अल्युमिनियमजवळ येऊ देत नाही. त्याचे कण पत्र्यात रुततात, गंजतात आणि ओल लागली की त्यांच्याभोवती पत्र्याला खड्डे पडू लागतात. रिव्हेटच्या डोक्याभोवती आणि तळाच्या कण्यावर हातानंच घासावं लागतं. आमच्या काठच्या काळ्या दगडावर होडी ओढून ओढून सगळे ओरखडे कण्यालाच पडलेले असतात. रिव्हेट गळत असेल तर ते याच वेळी ठोकून घ्यायचं, रंगानं गळती थांबत नाही. शेवटी स्वच्छ पाणी ओतून पाहायचं. पाणी पडद्यासारखं सलग पसरलं तर पत्रा साफ. थेंब थेंब होऊन तुटलं तर तेल अजून आहे, पुन्हा पुसा.

आता अस्तर. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांना आतून जो पिवळट-हिरवा रंग दिसतो, ते झिंक क्रोमेटचं अस्तर. अल्युमिनियमवर ते उत्तम बसे, पण त्यातलं क्रोमियम कॅन्सरला कारण होतं. जुन्या होडीवर असा थर दिसला तर तो कोरडा घासून धूळ उडवू नका. मी दोन डब्यांचं इपॉक्सी अस्तर वापरतो. घासून, धूळ पुसून पत्रा कोरडा झाला की त्याच दिवशी, काही तासांत ते चढलं पाहिजे. आम्लाचं अस्तरही मिळतं, ते पत्र्याला किंचित खाऊन धरतं. पण त्यावर पुढचा कुठला रंग चालतो हे डब्यावर वाचूनच घ्यावं. लोखंडी जहाजांना पूर्वी अस्तरात शेंदूर असे. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आणि अल्युमिनियमला तो बाधतो. तळाला शेवाळ धरू नये म्हणून समुद्रावर वापरतात तो तांब्याचा रंगही असाच. तांबं आणि अल्युमिनियम पाण्यात एकत्र आले की झीज अल्युमिनियमची होते.

वरचा हात दोन डब्यांच्या पॉलियुरेथेनचा. पातळ, दोन वेळा. उन्हात तो ऑइलपेंटपेक्षा फार टिकतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दम्यासारखा त्रास कायमचा जडू शकतो. स्प्रे गन मारताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. वाफ अडवणारा मास्कही कमी पडतो, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. तशी सोय नसेल तर गन मारू नये. मी मोकळ्या हवेत ब्रशनं आणि रोलरनं लावतो, हातमोजे घालून, आणि मास्क तेव्हाही काढत नाही.

हवामानाचं आमच्याकडे मोठं संकट. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या पत्र्याला हात लाववत नाही. अशा पत्र्यावर रंग पसरण्याआधीच सुकतो, फोड येतात. हिवाळ्यात पहाटे धरणाकाठी पत्र्यावर दव असतं, आणि पॉलियुरेथेनला ओल लागली की बुडबुडे धरतात. सावलीत, पत्रा पूर्ण कोरडा झाल्यावर आणि तापायच्या आत, एवढाच वेळ आपला. शेवटच्या हातानंतर साधारण आठवडाभर होडी पाण्यात घालायची नाही. हाताला सुकलेला रंग आतून अजून कच्चा असतो.

मामांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी खर्च विचारला, आणि तो प्रश्न रास्तच आहे. त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितो. गोड्या पाण्यात चांगल्या प्रतीचा अल्युमिनियमचा पत्रा बिनरंगाचाही वर्षानुवर्षं टिकतो. पैसे किंवा दिवस कमी असतील तर होडी तशीच राहू द्या, जुना सुटलेला रंग मात्र काढून टाका, कारण पोपड्याखाली अडकलेलं पाणीच पत्र्याला खड्डे पाडतं. आणि रंगवायचीच असेल तर होडी मे महिन्याच्या सुरुवातीला आणा, मृगाच्या तोंडावर आणू नका.