हाताची सवय आणि कोरा कॅनव्हास

चित्रकाराचे काम अडले की त्याची प्रतिभा आटली, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ही समजूत सोयीची असली तरी बव्हंशी खरी नसते. पुष्कळदा आडवी येते ती हाताला जडलेली सवय. कुंचला उचलताच हात ओळखीच्या वाटेने चालू लागतो आणि चित्र सुरू होण्यापूर्वीच संपते.

या दृष्टीने वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचे उदाहरण उद्बोधक ठरावे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९४८ साली पदविका घेतलेल्या या चित्रकाराने साठच्या दशकात कुंचल्याऐवजी रोलर आणि रंगाची सुरी हाती घेतली. रोलरला कुंचल्यासारखी नाजूक रेषा काढता येत नाही. तो रंग पसरतो, दाबतो. खालचा थर कुठे झाकतो, कुठे उघडा ठेवतो. साहजिकच कमावलेली सफाई तेथे निरुपयोगी ठरते आणि डोळ्यांना नव्याने पाहावे लागते. पुढे फाडलेल्या कागदांच्या साहाय्याने रंग कॅनव्हासवर उतरविण्याची रीतही त्यांनी अवलंबिली. १९८४ साली दिल्लीत अपघात झाल्यानंतर काही वर्षे मोठे कॅनव्हास हाताळणे त्यांना जमेना. तेव्हा ते लहान कागदांवर शाईने काम करीत राहिले व कालांतराने पुन्हा कॅनव्हासकडे वळले. माध्यम बदलले, शोध खंडित झाला नाही.

प्रयोग म्हणजे लहर मात्र नव्हे. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करीत. रंग उधळणे सोपे. कोठे थांबावे, हे कळण्यासाठी दीर्घ संयम लागतो.

हा प्रश्न केवळ चित्रकारांचा नाही. आपल्या शाळांतून विद्यार्थी एलिमेंटरी, इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसतात. त्यांमुळे हाताला वळण लागते, याबद्दल वाद नाही. परंतु ठरलेल्या वेळात ठरलेल्या विषयाचे गुण मिळविण्याची सवय लागलेले मूल विषय न दिलेल्या कोऱ्या कागदापुढे बिचकते. मग चिंधी, जुना कंगवा, चुरगळलेला कागद अशी साधने देऊन आठवड्यातला एखादा तास गुणांविना सोडावयास शिक्षकांना कोणती अडचण आहे? त्या तासात कागद बिघडतील, गणवेशावर डाग पडतील. पण चुकण्याचे भय ज्याने लहानपणीच ओलांडले, त्याचा हात पुढे सहसा अडत नाही.