नदीतून धरलेल्या माशाची ओळख : खडशीचे उदाहरण

पावसाळा ओसरू लागला की मावळ, मुळशी व भोर या भागांतील ओढ्या-नाल्यांत बोटाएवढे मासे जाळ्यात येऊ लागतात. त्यांपैकी काही शेततळ्यात सोडले जातात, काही गावतलावात, तर काही पुणे शहरातील हौशी मंडळींच्या काचेच्या टाक्यांत जाऊन पडतात. विकणारा ज्या नावाने मासा देतो तेच नाव पुढे चालू राहते. खडशी म्हणून आणलेला मासा वर्षभराने खवली निघतो, रोहू म्हणून वाढविलेला मृगळ निघतो. शेततळ्यात अशी चूक झाल्यास एका हंगामाचे उत्पन्न घटते आणि प्रकरण तेथेच मिटते. वाहत्या नदीत ती झाल्यास मात्र तिचे निराकरण सहसा होत नाही. खडशी, म्हणजेच दख्खनचा महासीर, या माशाच्या बाबतीत नेमके असे घडले असून त्या घटनेचा एक धागा पुणे जिल्ह्यातूनच निघतो.

या माशाचे शास्त्रीय नामकरण पुण्याच्या पाण्यावरून झाले आहे. मुंबई सरकारने १८२४ साली विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याकडे दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीचे काम सोपविले होते. ते करीत असताना त्याने येथील नद्यांतील मासेही टिपून ठेवले व १८३९ साली त्यांची वर्णने प्रसिद्ध झाली. साइक्सची एक पद्धत वाखाणण्यासारखी होती. अनेक माशांना त्याने स्थानिक लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महासीराला त्याने ‘खुद्री’ म्हटले आणि आजही जगभरचे शास्त्रज्ञ त्यास टॉर खुद्री याच नावाने ओळखतात. नुक्ता, कोळस, शिंगटी ही नावेही याच मार्गाने ग्रंथांत गेली. ज्या पात्रात हा मासा प्रथम नोंदला गेला ते शहराखालील पात्र आज सांडपाण्याने भरलेले आहे, हे येथे नमूद करणे भाग आहे.

त्याच लेखनात साइक्सने शिरूरनजीकच्या घोड नदीतील आणखी एका मोठ्या माशाचे ‘मुसल्ला’ या नावाने वर्णन केले. हे वर्णन त्रोटक होते. पुढील काळात अभ्यासकांनी ‘मुसल्ला’ हे नाव कर्नाटक व तमिळनाडूतून वाहणाऱ्या कावेरी नदीतील एका प्रचंड महासीराला लावले. हा महासीर डोक्यामागे उंच कुबड असलेला व नारिंगी छटेच्या परांचा असून १९४६ साली काबिनी नदीत त्याचा १२० पौंड वजनाचा नमुना गळाला लागला होता. एवढा मोठा, एवढा प्रसिद्ध मासा. परंतु त्याचे नाव उसने होते आणि तेही चुकीचे.

इकडे लोणावळ्यास वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० नंतर खुद्रीच्या कृत्रिम प्रजननाचे काम सुरू झाले. या कामात मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचा मोठा वाटा होता. कार्य सोपे नव्हते. रोहू-कटल्याची अंडी पंधरा ते अठरा तासांत फुटतात. महासीराच्या अंड्यांना सुमारे तीन दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि वजनाच्या मानाने मादीची अंडीही थोडी असतात. तरीही केंद्राने विपुल बीज तयार केले व ते देशाच्या अनेक भागांत पाठविले. त्यातील काही कावेरीतही सोडले गेले. हेतू चांगला होता. महासीर कमी होत आहेत, तेव्हा महासीर सोडावेत, असा सरळ विचार त्यामागे होता. खुद्री आणि कावेरीचा कुबडवाला हे दोन वेगळे मासे आहेत, व एकाच्या घरात दुसरा नेऊन सोडला जात आहे, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

कावेरीवरील हौशी गळकऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासल्या असता निळसर परांचा खुद्री झपाट्याने वाढलेला व कुबडवाला घटलेला आढळला. विशेष चिंतेची बाब म्हणजे कुबडवाल्याची लहान पिले जवळजवळ दिसेनाशी झाली; उरले ते थोडे मोठे, वयस्क मासे. यास केवळ खुद्री जबाबदार आहे असे म्हणणे योग्य होणार नाही. धरणे, वाळूउपसा व सुरुंग लावून केलेली मासेमारी यांचाही परिणाम झाला आहे. पण नाव नसलेल्या माशाचा बचाव कोणत्या यादीतून करावयाचा, हा प्रश्न उरतोच. साइक्सचा मूळ मुसल्ला हा महासीरच नसून हिप्सेलोबार्बस या निराळ्या प्रजातीचा मासा आहे, असे २०१३ साली दाखविण्यात आले. त्यानंतर २०१८ साली कुबडवाल्याची ओळख टॉर रेमादेवी अशी निश्चित झाली. या शेवटच्या संशोधनात पुण्याचे नीलेश डहाणूकर हेही सहभागी होते. ओळख पटताच त्याच वर्षी या माशाची अतिसंकटग्रस्त म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत नोंद झाली. तोवर नदीत त्याची संख्या फारच थोडी उरली होती.

आता प्रत्यक्ष ओळखीकडे वळू. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत; एक भिंग, एक मोजपट्टी व थोडा धीर एवढे पुरते.

माशाच्या कुशीवर कल्ल्याच्या झाकणाच्या वरच्या कोपऱ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत बारीक छिद्रे असलेल्या खवल्यांची एक ओळ जाते. हिला पार्श्वरेषा म्हणतात. या ओळीतील खवले मोजणे ही सर्वांत भरवशाची प्राथमिक कसोटी होय. खडशीचे खवले मोठे असतात व या ओळीत ते साधारणपणे २५ ते २७ भरतात. रोहू, कटला, मृगळ व गवत्या यांच्यात तीच संख्या चाळिसाच्या आसपास असते. सायप्रिनसमध्ये ती पस्तिसाच्या पुढे जाते. म्हणजे मोजताना दोन-तीन खवल्यांची चूक झाली तरी निर्णय चुकत नाही. मोजणी दोन्ही कुशींवर करावी, कारण एका बाजूचे खवले जखमेमुळे गळून पुन्हा अव्यवस्थित आलेले असू शकतात.

त्यानंतर तोंड पाहावे. खडशीला मिशांच्या दोन जोड्या असतात व ओठ मांसल असतात. कटला व गवत्या यांना मिशा नसतात. रोहूच्या ओठांना झालरीसारख्या कडा असतात व मिशा अगदी आखूड. मृगळाच्या ओठांना तशी झालर नसते. सायप्रिनसलाही मिशांच्या दोन जोड्या असल्याने तेथे घोटाळा संभवतो, परंतु त्याचा पाठीवरील पर फार लांब, शेपटीच्या दिशेने पसरलेला असतो आणि त्या पराच्या काट्याला मागील बाजूस करवतीसारखे दाते असतात. खडशीचा पाठीवरील पर आखूड असून त्याचा काटा मजबूत पण गुळगुळीत असतो. हा काटा बोटाने हळूच चाचपून पाहणे फार उपयोगी पडते, कारण खडशीच्या पिलांशी सर्वाधिक गल्लत होते ती मोठ्या जातीच्या खवलीची. तिचेही खवले मोठे असतात व तिलाही चार मिशा असतात. मात्र तिच्या काट्याला दाते असतात आणि पार्श्वरेषेतील खवले तिसाच्या आगेमागे भरतात.

रंगावर मात्र कधीही विसंबू नये. गढूळ पाण्यातील मासा फिकट होतो, स्वच्छ खडकाळ पाण्यातील गडद. पकडताना घाबरलेल्या माशाचा रंग काही क्षणांत उतरतो. महासीराचे ओठही सर्वत्र सारखे नसतात. एकाच जातीच्या काही माशांचे ओठ जाड लोंबते, तर काहींचे बेताचे असतात.

रंगाचा हा फसवेपणा समुद्रातील माशांत किती टोकाला जातो याचे उदाहरण पुण्यातील खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाक्यांत पाहावयास मिळते. या टाक्यांतील समुद्री मासे बहुधा प्रवाळखडकांतून जिवंत धरून आणलेले असतात आणि त्यांत रास या कुळातील मासे हमखास असतात. या कुळातील अनेक जातींत पिलू, मादी व नर यांचे रंग इतके भिन्न असतात की पूर्वी एकाच जातीस दोन-दोन नावे दिली गेली. एवढेच नव्हे, तर मादी मोठी झाल्यावर नर बनते व त्याबरोबर तिचा रंगही पालटतो. इतर माशांच्या अंगावरील परोपजीवी टिपून खाणारा सफाईकर रास तर एका तोतयामुळे प्रसिद्ध आहे. हुबेहूब त्याच्यासारखे निळे-काळे पट्टे असलेला दुसऱ्याच कुळातील एक मासा जवळ येऊन परांचे लचके तोडतो. दोघांत फरक ओळखावयाचा तो तोंडावरून : खऱ्या सफाईकराचे तोंड मुस्कटाच्या अगदी टोकाला असते, तोतयाचे खालच्या बाजूस. टाकी पाळणाऱ्याने रंगाऐवजी तोंड पाहिले तर तो फसत नाही. हेच ओढ्याकाठच्या शेतकऱ्यासही लागू आहे.

जिवंत मासा तपासताना हात ओले करावेत, अन्यथा अंगावरील बुळबुळीत आवरण निघून बुरशी लागते. त्याच ओढ्याचे पाणी भरलेल्या अरुंद काचपात्रात मासा ठेवल्यास तो कुशीवरून स्थिर दिसतो व छिद्रांची ओळ भिंगाने मोजता येते. पात्र उन्हात ठेवू नये. महासीराच्या पिलांना प्राणवायू भरपूर लागतो; दोन-चार मिनिटांत काम उरकून मासा परत सोडावा.

एवढे करूनही संशय राहिल्यास नमुना तज्ज्ञांकडे पाठविणे इष्ट. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच, आकुर्डी येथे आहे. माशाचे दोन्ही कुशींचे छायाचित्र शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे. मासा मेलेला असल्यास प्रथम पराचा लहानसा तुकडा कापून शुद्ध मद्यार्कात ठेवावा व मगच उरलेला मासा फॉर्मेलिनमध्ये घालावा. हा क्रम उलटा होता कामा नये, कारण फॉर्मेलिनमुळे आनुवंशिक तपासणीस लागणारा अंश खराब होतो. चिठ्ठीवर नदी अथवा ओढा, गाव, तारीख, जाळ्याचा प्रकार व स्थानिक नाव लिहावे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, शाई विरघळते. स्थानिक नाव कितीही किरकोळ वाटले तरी वगळू नये. ‘खुद्री’ हे तसेच एक नाव होते.

राहता राहिला प्रश्न सोडण्याचा. शेततळ्यासाठी बीज घ्यावयाचे ते शासकीय अथवा मान्यताप्राप्त केंद्रातून, पावतीवर जातीचे नाव लिहून घेऊनच घ्यावे. नदीत मात्र ओळख न पटलेला कोणताही मासा सोडू नये, आणि ओळख पटलेलाही दुसऱ्या खोऱ्यातील असल्यास सोडू नये. भीमेच्या खोऱ्यातील खडशी भीमेच्या खोऱ्यातच शोभते. हौशी लोकांनी नकोसे झालेले टाकीतील मासे नदी-नाल्यांत सोडल्याचे परिणाम उजनी जलाशयातील मच्छीमार भोगीत आहेत. दक्षिण अमेरिकेतील टणक कवचाचा सकर मासा तेथे जाळ्यात अडकतो, जाळे फाडतो आणि त्याला बाजारात कोणी विचारीत नाही. असा मासा जाळ्यात आल्यास तो परत पाण्यात टाकू नये. पाण्यापासून दूर नेऊन खड्ड्यात पुरावा आणि कोणत्या ठिकाणी किती आढळले याची नोंद तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याकडे द्यावी.