विश्लेषण : धारावीचा काळा किल्ला नेमका कोणी बांधला? दुरुस्तीआधी हे ठरणे का गरजेचे?

मुंबईत बेस्टच्या बसवर ‘काळा किल्ला आगार’ अशी पाटी दिसते. धारावीतल्या या आगाराच्या मागे खरोखरच एक किल्ला उभा आहे, हे त्याच बसने ये-जा करणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. काळ्या दगडाची जाड भिंत, तिच्यावर माजलेली झाडे आणि तिला टेकून उभी राहिलेली घरे असे त्याचे आजचे रूप. रिवा किल्ला हे त्याचे दुसरे नाव. किल्ला हा शब्द तसा मोठाच झाला, कारण ही प्रत्यक्षात मिठी नदीकाठची टेहळणीची चौकी. धारावीच्या पुनर्विकासाबरोबर तिच्या डागडुजीचा प्रश्नही येणार. पण ही वास्तू नेमकी कोणत्या काळातली, यावरच दोन मते आहेत आणि त्यांच्यात किमान ६० वर्षांचे अंतर आहे.

दोन तारखा कोणत्या?

इंटरनेटवर शोधले तर एकच मजकूर ठिकठिकाणी सापडतो : मुंबईचा पहिला गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर (१६६९ ते १६७७) याने हा किल्ला बांधला आणि तो बॉम्बे कॅसलचा भाग होता. या एका वाक्यात दोन अडचणी आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईतला पहिला गव्हर्नर जॉर्ज ऑक्झेंडन होता, ऑन्जियर त्याच्यानंतर आला. आणि बॉम्बे कॅसल धारावीपासून बारा-तेरा किलोमीटर दक्षिणेला, फोर्टमध्ये होता. त्याचे अवशेष आज नौदलाच्या ‘आयएनएस आंग्रे’ तळात आहेत. (इंग्रजांच्या कॅसलला कान्होजींचे आडनाव मिळाले, हा योगायोग गमतीचा आहे.)

दुसरी तारीख किल्ल्याच्याच अंगावर आहे. भिंतीतला इंग्रजी शिलालेख सांगतो की मुंबईचे प्रेसिडेंट आणि गव्हर्नर जॉन हॉर्न यांच्या हुकमाने १७३७ मध्ये ही वास्तू बांधली. हॉर्न १७३४ ते १७३९ या काळात गव्हर्नर होते, त्यामुळे नाव आणि साल जुळते. तरीही ऑन्जियरचा दावा लगेच मोडीत काढता येत नाही. आधीची लहान चौकी पाडून किंवा वाढवून तिच्यावर नवी पाटी बसवणे ही सत्ताधाऱ्यांची जुनीच सवय आहे.

१७३७ मध्ये काय घडले?

मुंबई बेटे १६६८ मध्ये कंपनीकडे आली तेव्हा खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांकडे होती. शीव या नावाचा अर्थच वेस, सीमा. इंग्रजांची हद्द इथे संपत असे. शीवच्या टेकडीवर किल्ला होता आणि काळा किल्ला त्याच रेषेवर, खाडीच्या काठाशी.

१७३७ च्या मार्च-एप्रिलमध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाणे मराठ्यांच्या हाती आले. पोर्तुगीजांचा तिथला किल्ला तेव्हा पूर्णही झाला नव्हता. तो पुढे मराठ्यांनी पुरा केला आणि आज त्यात ठाण्याचे कारागृह आहे. म्हणजे काही दिवसांतच इंग्रजांचा शेजारी बदलला. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि जुलैमध्ये इंग्रजांनी मराठ्यांशी तह केला. शिलालेखावरचे साल या धामधुमीत नेमके बसते. ते खरे असेल तर ही चौकी पोर्तुगीजांवर नजर ठेवायला बांधलेली नाही, मराठ्यांच्या धास्तीने बांधलेली आहे. माहितीफलकावर काय लिहायचे, हे यावरच ठरते.

सालाचा हिशेब इतका अवघड का?

यात एक मेख आहे. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि त्यांचे कॅलेंडर पोर्तुगीजांच्या ११ दिवस मागे होते. म्हणजे इंग्रजी कागदावरचा ‘फेब्रुवारी १७३७’ आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७३८ असू शकतो. मराठी कागद वेगळेच मोजमाप वापरतात. मोडी पत्रातले ‘सबा सलासीन मया व अलफ’ म्हणजे सुहूर सन ११३७, साधारण मे १७३६ ते मे १७३७. ठाणे पडण्याआधी बांधकामाचा हुकूम निघाला की नंतर, हे सांगायचे तर तिन्ही कालगणना एका रेषेत आणाव्या लागतील.

कागदपत्रे कुठे शोधायची?

काळा घोडा येथील एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले महाराष्ट्र पुराभिलेखागार हे पहिले ठिकाण. कंपनीच्या सार्वजनिक विभागाच्या रोजनिशा तिथे १७२० पासून आहेत. हुकूम निघाला असेल तर दगड, चुना आणि मजुरीचा खर्चही कुठेतरी नोंदलेला असणार, आणि अशी खर्चाची ओळ गव्हर्नरच्या पाटीपेक्षा जास्त बोलते. दुसरी बाजू पुण्याच्या पेशवे दप्तरात. त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात छापले. तिसरी बाजू पणजीच्या पुराभिलेख संग्रहालयातल्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात आहे. शेजारी नवी चौकी उभारतो आहे, याची तक्रार सहसा शेजाऱ्यानेच केलेली असते.

नकाशेही लागतील. कॅप्टन डिकिन्सन यांची १८१२ ते १८१६ मधली मोजणी आणि लॉटन यांची १८६५ ते १८७२ मधली मोजणी यांवरून खाडीचा काठ तेव्हा कुठे होता हे कळते. टेहळणीचा आवाका त्याशिवाय काढता येत नाही. पाण्यापासून दहा मीटर उंचीवर उभ्या माणसाला क्षितिज सुमारे ११ किलोमीटरवर दिसते. ठाणे त्यापलीकडे आहे. म्हणजे पहारेकऱ्याचे काम खाडीत शिरणारी मचवे-होडी हेरणे आणि शीवच्या टेकडीला इशारा देणे एवढेच असावे. दोन्ही ठिकाणे एकमेकांना दिसत होती का, हे आज संगणकावर उंचीचे नकाशे टाकून तपासता येते. फक्त भरावाची जमीन आणि आजच्या इमारती आधी वगळाव्या लागतील.

भिंत स्वतः काय सांगेल?

इथे माझ्यासारख्या इंजिनीअरला जरा लाज वाटते, कारण चार वर्षांच्या अभ्यासक्रमात चुन्याला जेमतेम एक तास मिळाला होता. जुन्या चौकीवर नंतर मजला चढवला असेल तर दगडाची घडाई बदलते, उभा सांधा दिसतो आणि चुन्याची जात वेगळी निघते. नमुना सौम्य आम्लात टाकला की चुना विरघळतो आणि मागे राहिलेली वाळू चाळून दोन भिंतींची तुलना करता येते. कोकणात चुना शिंपल्यांपासूनही भाजत. शिंपल्याचे तुकडेही आम्लात जातात, म्हणून आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आवश्यक.

हे सगळे सिमेंट लावण्याआधी करायचे असते. सिमेंटचे प्लास्टर ओल आतच कोंडते, क्षार दगडात साचतात आणि पापुद्रे सुटू लागतात. शिवाय त्याखाली ते सांधे कायमचे झाकले जातात. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. वरचा कठडा कसा होता याचा पुरावा मिळाला नाही, तर तो ‘जुन्यासारखा’ बांधू नये, असा याचा साधा अर्थ.

चौकीचे काम पुढे कसे संपले?

१७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. खाडीपलीकडे परका कोणी उरला नाही. पुढे १७९८ ते १८०५ दरम्यान गव्हर्नर डंकन यांच्या काळात शीव-कुर्ला बांधरस्ता झाला आणि सीमेवरून गाड्या जाऊ लागल्या. चौकी मागे पडली, तिच्याभोवती वस्ती वाढली.

आज सर्वात तातडीचे आणि सर्वात स्वस्त काम शिलालेखाचे आहे. तो घासण्याआधी, रंग किंवा आम्ल लावण्याआधी, संध्याकाळच्या तिरप्या उजेडात त्याची छायाचित्रे घ्यायला हवीत. झिजलेल्या अक्षरांच्या कडा त्याच उजेडात वाचता येतात.