रविवारची मिस्सा, ड्रॉवरमधल्या गोळ्या

वसईहून रोज चर्चगेट लोकल पकडणारं तरुण कॅथलिक जोडपं घ्या. रविवारची मिस्सा चुकत नाही, नाताळचा गोठा करायला रात्रभर जागतात. आणि बेडरूमच्या ड्रॉवरमध्ये गर्भनिरोधक गोळ्या! चर्चची भूमिका एकदम क्लिअर आहे. पोप सहावे पॉल यांचं १९६८ चं 'ह्युमाने व्हिते' हे परिपत्रक कृत्रिम साधनांना 'नाही' म्हणतं. दिवस मोजून संयम पाळा, ते चालेल. गंमत म्हणजे, त्याआधी पोपच्याच अभ्यास आयोगातल्या बहुसंख्यांनी साधनांना परवानगी द्यावी असं सुचवलं होतं.

खरी गोची होते कन्फेशनला. जे आपल्याला पाप वाटतच नाही, ते फादरना सांगायचं कसं? आणि न सांगता कम्युनियन घ्यायचं? बाकावरच बसून राहावं, तर शेजारच्या आँटी वळून बघणार.

कार्डिनल न्यूमन यांनी १८७५ मध्ये लिहिलं होतं, की टोस्ट करायचाच तर आधी सद्सद्विवेकाच्या नावाने, मग पोपच्या. त्यांना चर्चने २०१९ मध्ये संत घोषित केलं! अर्थात, 'मनाला येईल ते करा' असं त्यांना म्हणायचं नव्हतं. विवेकालाही वळण लावावं लागतं. पण सासूबाईंनी जेवताना 'दुसरं कधी?' विचारलं, की तिथे न्यूमनसुद्धा कामाला येत नाहीत.