काळ्यातला काळा दिसतो का?

फुप्फुसाभोवती हवा साचली, की छातीच्या एक्स-रेमध्ये तिची खूण म्हणून अनेकदा फक्त एक बारीक रेघ उमटते. रेघेच्या दोन्ही बाजूंच्या करडेपणात जेमतेम फरक असतो. यंत्र उत्तम असले, तंत्रज्ञाने एक्स-रे नीट काढला, तरी समोरच्या पडद्याने तो फरक गिळला तर रेडिओलॉजिस्टला ती रेघ दिसणारच नाही.

नवे सीटी किंवा एमआरआय यंत्र आले की रुग्णालये फलक लावतात. चित्र ज्या मॉनिटरवर वाचले जाते, त्याची चौकशी मात्र क्वचितच होते. खरे तर तोही निदानाच्या साखळीतला एक दुवा आहे.

सीटीच्या चित्रात प्रत्येक बिंदूसाठी साधारण ४०९६ वेगवेगळी मूल्ये नोंदता येतात. साधा मॉनिटर करड्या रंगाच्या २५६ छटा दाखवतो. म्हणून डॉक्टर ‘विंडो’ बदलत राहतात: फुप्फुसासाठी एक, हाडांसाठी दुसरी, मेंदूसाठी तिसरी. प्रत्येक विंडोत मूल्यांचा एक पट्टा उलगडतो आणि बाकीचे सारे काळ्या-पांढऱ्यात बुडते. हातात उरलेल्या त्या मोजक्या छटा तरी एकमेकींपासून वेगळ्या दिसायला हव्यात.

अडचण इथेच आहे. माणसाचा डोळा उजेड मोजपट्टीसारखा मोजत नाही. प्रकाशातली तेवढीच वाढ अंधाऱ्या भागात ठळक जाणवते, उजळ भागात जाणवतही नाही. नेदरलँड्सच्या पीटर बार्टेन यांनी डोळ्याच्या या क्षमतेचे गणिती प्रारूप मांडले. त्याच्या आधारे वैद्यकीय चित्रांच्या ‘डायकॉम’ या जागतिक मानकात करड्या छटांचा एक वक्र ठरवला गेला. ०.०५ ते सुमारे ४००० कॅन्डेला प्रति चौरस मीटर एवढ्या तेजस्वितेत, डोळ्याला जेमतेम ओळखू येतील अशा १०२३ पायऱ्या त्यात धरल्या आहेत. या वक्रावर जुळवलेल्या दोन पडद्यांवर एकच एक्स-रे जवळपास सारखाच दिसतो, मग एक पडदा पुण्यात असो आणि दुसरा लंडनमध्ये.

जुळवणी एकदा करून भागत नाही. पडद्यामागचा दिवा वापराने मंदावतो. खिडकीचा उजेड काचेवर पडला, तर सर्वांत गडद छटा आधी नाहीशा होतात. म्हणूनच वाचनाची खोली मंद प्रकाशाची ठेवतात. मॅमोग्राफीत कॅल्शियमचे कण मिलिमीटरच्या काही दशांशाएवढे असू शकतात, त्यामुळे तिथे साधारणपणे ५० लाख पिक्सेलचे, अधिक तेजस्वी मॉनिटर वापरले जातात.

तपासणीची एक युक्ती मात्र अगदी सोपी आहे. सिनेमा आणि दूरचित्रवाणीच्या अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने वैद्यकीय पडद्यांसाठी एक चाचणीचित्र तयार केले. त्यात पूर्ण काळ्या चौकोनात पाच टक्के उजळ चौकोन आहे आणि पूर्ण पांढऱ्यात ९५ टक्क्यांचा. आतले दोन्ही चौकोन स्पष्ट दिसले नाहीत, तर त्या पडद्यावर निदान करू नये.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एक्स-रेचे काय? तातडीच्या वेळी, तालुक्याच्या गावातून तज्ज्ञाचा सल्ला हवा असताना, त्याचा उपयोग निश्चित होतो. पण फिल्मचा मोबाइलवर फोटो काढताना काचेची चमक त्यात येते, कॅमेरा आपल्या मर्जीने उजेड बदलतो आणि पाठवताना चित्र दाबून लहान केले जाते. हरवलेल्या छटा पुढे कितीही महागडा पडदा लावला तरी परत येत नाहीत, आणि अशा फोटोवर विंडोही बदलता येत नाही. तेव्हा दुसरे मत घ्यायचे असेल, तर तपासणी केंद्राकडून मूळ डायकॉम फाइल सीडीवर किंवा लिंकने आवर्जून मागून घ्या.