काट्यावर नेमकं काय ठेवलं?

बुलढाणा जिल्ह्यात तुरीच्या किंवा कपाशीच्या आड लावलेला गांजा पोलिसांनी पकडला की बातमीत वजन ठळक येतं. कोर्टात पहिला वाद मात्र याच वजनावरून सुरू होतो. काट्यावर ठेवलं होतं काय?

1985च्या अंमली पदार्थ कायद्याने गांजाची व्याख्या एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नेटकेपणाने केली आहे. गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, फळं धरलेले शेंडे. सुटी पानं आणि बिया त्यात येत नाहीत. शेंड्यांसोबत असतील तरच येतात. आणि नुसती काडी, देठ, मुळाला चिकटलेली माती? त्यांचं नावही व्याख्येत नाही.

एवढ्याशा फरकावर माणसाचं आयुष्य किती हलतं ते पाहा. एक किलोपर्यंत गांजा सापडला तर जास्तीत जास्त एक वर्ष कैद. 20 किलोच्या वर गेला की ती व्यापारी मात्रा: किमान 10, कमाल 20 वर्षं सक्तमजुरी आणि किमान एक लाख दंड. शिवाय कलम 37 आडवं येतं. आरोपी निर्दोष असावा असं मानायला सबळ आधार आहे, अशी न्यायाधीशांची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. या दोहोंच्या मधल्या मात्रेला 10 वर्षांपर्यंत कैद आहे, पण 37ची ती भिंत नाही.

आता समजा, पोत्यात 21 किलो माल निघाला. पंचांसमोर पोतं उघडलं, काड्या-पाल्यासकट वजन झालं, लाखेचं सील लागलं. फुलोरा वेगळा काढून मोजलाच नाही. बचावाचे वकील पंचनाम्यातल्या त्या एकाच ओळीवर बोट ठेवतात. अशा पंचनाम्यांवरून व्यापारी मात्रेबद्दल शंका घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने अनेक आरोपींना जामीन दिला आहे. सरकारी वकिलांचं म्हणणंही पोकळ नसतं: पानं शेंड्यांना लागूनच होती, मग ती मोजायचीच.

म्हणूनच नमुना घेण्याची जागा मला सगळ्यात विलक्षण वाटते. कलम 52-अ प्रमाणे जप्त मालाची यादी न्यायदंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित होते आणि नमुने त्यांच्या देखत काढले जातात. 2022च्या नियमांनुसार गांजाचा नमुना किमान 24 ग्रॅमचा, तोही दोन प्रतींत. ढिगाऱ्याचं भवितव्य त्या चिमूटभर मालावर ठरतं!

मात्रा खाली आली तर खटला मोडत नाही, त्याचं कलम बदलतं. निकाल देण्यापूर्वी केव्हाही दोषारोप बदलायची मुभा न्यायालयाला आहे. त्यानंतर आधी तपासलेले साक्षीदार पुन्हा बोलावून विचारता येतात. मोठा गुन्हा सिद्ध झाला नाही पण त्याच्या पोटातला लहान गुन्हा सिद्ध झाला, तर वेगळा आरोप न ठेवताही त्या लहान गुन्ह्याची शिक्षा देता येते. मुळातच मात्रा अल्प असेल तर विशेष न्यायालयाची गरजच नाही. न्यायदंडाधिकारी संक्षिप्त पद्धतीनेही खटला चालवू शकतात.

हा बदल उशिरा झाला तर मात्र जीव तुटतो. कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, हे खरं. पण दीड वर्ष आत काढलेल्याला शेवटी अल्प मात्रेसाठी दोषी धरलं, तर कायद्यातली कमाल शिक्षा एकच वर्षाची असते.