तोट्यांतील कंपनीचे शेअर घ्यावेत काय?

गेल्या वर्षीं लोणी काळभोरास माझ्या ओसरीवर एक जुना विद्यार्थी आला. वडिलांच्या निवृत्तीची रक्कम इंटरनेटवर व्यापार करणाऱ्या कंपनीच्या शेअरांत घालावी काय, असें त्यानें विचारलें. "कंपनी तोट्यांत आहे, गुरुजी, पण वाढते आहे."

तोटा दोन जातींचा असतो. आंब्याची बाग लावणारास पहिलीं कांहीं वर्षें खर्चच असतो. पण झाड वाढतांना दिसतें. उलट, साठ रुपयांचें दूध पंचावन्नास विकणारा गवळी गिऱ्हाइकें वाढतील तसतसा अधिकच बुडतो. म्हणून विक्री वाढतांना शंभर रुपयांमागचा तोटा घटतो कीं नाहीं, हें प्रथम पाहावें.

आपल्या पुण्याचीच फर्स्टक्राय घ्या. लहान मुलांचे कपडे व खेळणीं विकणारी ही कंपनी २०१० सालीं निघाली. २०२२-२३ मध्यें तिची विक्री सुमारें ५,६३३ कोटी व तोटा ४८६ कोटी होता. पुढील सालीं विक्री ६,४८१ कोटी, तोटा ३२१ कोटी. शंभरामागें साडेआठ रुपयांहून अधिक असलेला तोटा पांचांवर आला. बाग वाढत होती, यांत शंका नाहीं.

ऑगस्ट २०२४ मध्यें तिचा शेअर ४६५ रुपयांस विक्रीस निघाला, बाजारांत ६५१ वर उघडला, आणि २०२५ च्या पूर्वार्धांत ४६५ च्याहि खालीं उतरला. कंपनी बुडाली नव्हती. पुढील अनेक वर्षांच्या फळांची किंमत लोकांनीं आधींच मोजली होती. शिवाय जमलेल्या सुमारें ४,१९४ कोटींपैकीं कंपनीच्या तिजोरींत १,६६६ कोटीच गेले. बाकीचे शेअर विकणाऱ्या जुन्या भागधारकांस मिळाले. यांत गैर कांहीं नाहीं. परंतु आंतली माहिती असणारा विकत असतां आपण कां घेतों, हें स्वतःस विचारावें. माहितीपत्रकांत हें सारें छापलेलें असतें, आणि तें समजण्यास शाळेंतील त्रैराशिक पुरतें. तें वाचण्याचा कंटाळा मात्र फार!

उलट दाखलाहि आहे. झोमॅटोचा शेअर जुलै २०२१ मध्यें ७६ रुपयांस निघाला, सुमारें वर्षभरानें ४५ च्या खालीं गेला. २०२३ मध्यें कंपनीस प्रथम तिमाही नफा झाला आणि भाव मूळ किंमतीच्या पुष्कळ वर चढला. थांबूं शकले त्यांना फळ मिळालें.

मीं विद्यार्थ्यास विचारलें, "ही रक्कम वडिलांना केव्हां लागेल?"

"पुढच्या वर्षीं. घराचें काम काढायचें आहे."

रक्कम बँकेंतील मुदतठेवींतच राहिली.